‘जीनोम द्विगुणित झाला’ असं लिहावं का? आणि गळून गेलेल्या जनुकांना काय म्हणावं?

कापसाच्या जनुकांवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि दोन शब्दांवर अडले आहे.

पहिला शब्द ‘द्विगुणित’. वनस्पतीचा अख्खा जीनोम, म्हणजे तिच्या पेशीतला सगळा डीएनए, दुप्पट झाला या अर्थी मी सवयीने ‘जीनोम द्विगुणित झाला’ असं लिहिलं. पुढच्याच परिच्छेदात ‘द्विगुणित देशी कापूस’ आला आणि हात थांबला. जीवशास्त्रात द्विगुणित म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेला, म्हणजे अगदी नेहमीची अवस्था. देशी कापसात २६ गुणसूत्रं, तो द्विगुणित. अमेरिकन कापसात ५२, तो चतुर्गुणित. आनंद द्विगुणित झाला की वाढतो. इथे मात्र द्विगुणित म्हणजे ज्याची दुप्पट अजून व्हायची आहे तो!

दुसरी अडचण मोठी आहे. जीनोम दुप्पट झाला की प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती होतात. मग लाखो वर्षांत बहुतेक जोड्यांमधली एक प्रत नाहीशी होते, काही जोड्या तेवढ्या टिकतात. नाहीसं होण्याला इंग्रजीत फ्रॅक्शनेशन म्हणतात. ‘प्रभाजन’ लिहिलं तर वाचक थेट खनिज तेलाच्या शुद्धीकरणात पोचेल. टिकण्यासाठी ‘धारणा’ सुचवला गेला, पण धारणा म्हणजे आपल्या मनातली समजूत, नाहीतर सातबाऱ्यावरची जमीन. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

‘दुणावणे’ आहे की! उत्साह दुणावतो तसा जीनोम दुणावला. नाम हवं तर दुणावणी.

दुसऱ्यासाठी ‘विरळणी’. आमच्याकडे कापूस टोबताना एका जागी दोन बिया टाकतात. उगवण झाली की जोमदार रोप ठेवायचं, दुसरं उपटायचं. दोन प्रतींतली एक जाते, एक राहते. शेतकरी वाचकाला समजावून सांगावंच लागणार नाही.

प्रतिसाद

दुणावणे एकदम मान्य. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, उद्यापासून वर्गात हाच शब्द वापरेन.

विरळणीला मात्र माझी हरकत आहे. विरळणीत निवडणारा हात असतो. इथे तसा कोणी नसतो. मक्याचं उदाहरण घ्या. ज्वारी आणि मका यांचा पूर्वज एकच. वाटा वेगळ्या झाल्यावर मक्याच्या वंशात जीनोम दुणावला, ज्वारीच्या नाही. आज दोघांतही २० गुणसूत्रंच दिसतात, कारण मक्याची गुणसूत्रं पुढे एकमेकांना जोडली जाऊन संख्या पुन्हा खाली आली. पण जनुकांचा क्रम लावून पाहिला की ज्वारीच्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यासमोर मक्याचे दोन पट्टे येतात आणि दोन्ही पट्टे विरळ असतात. ज्वारीला सबंध फणी समजा. मक्याच्या दोन फण्यांचे वेगवेगळे दात पडले आहेत. एकीवर दुसरी ठेवली की फणी पुरी होते. दात एकदम सलग मोडत नाहीत, डीएनएचे बारीक तुकडे निघत जातात. शिवाय दोन्ही फण्या सारख्या झिजत नाहीत. दुणावल्यावरच्या दोन संचांपैकी ज्यातली जनुकं कमी बोलकी, म्हणजे कमी चालू असणारी, त्याच संचातली जास्त गेली, असं २०११ मध्ये दाखवलं गेलं.

म्हणून मी ‘जनुकगळ’ म्हणेन. पानगळ, बोंडगळ यांच्या पंक्तीतला शब्द. कोणी तोडत नाही, आपसूक गळतं. आणि गळून जी स्थिती उरते तिला ‘विरळ’ हे विशेषण आहेच: विरळ झालेला पट्टा.

टिकण्यासाठी साधं ‘टिकणे’च ठेवा. टिकलेल्या जोडीला ‘जोडजनुकं’ म्हणता येईल. ‘डुप्लिकेट’ नको, बाजारात त्याचा अर्थ बनावट होतो. ‘दुय्यम प्रत’ही नको. एखादी प्रत कमी बोलकी असली, तरी एक अस्सल आणि दुसरी तिची नक्कल असं वाचकाला वाटायला नको.

धागाकर्ती

जनुकगळ फारच आवडला. पण सगळं आपसूक गळतं, तर काही जोड्या टिकतात का? त्यासाठी शब्द लागतील ना?

प्रतिसाद

लागतील, आणि ते घरातलेच आहेत. एक ‘वाटणी’. जनुकाची दोन कामं असली, तर एका प्रतीकडे एक राहतं, दुसरीकडे दुसरं, आणि मग दोन्ही लागतात. ही कल्पना १९९९ मध्ये नीट मांडली गेली. तुमच्या कापसातच दाखला आहे: अमेरिकन कापसाच्या एका जनुकाची एक प्रत फुलाच्या एका भागात चालू असते आणि दुसऱ्या भागात बंद, दुसरीचं नेमकं उलट. अ‍ॅडम्स, वेंडेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवलं.

दुसरा शब्द ‘मात्रा’. काही प्रथिनं ठरावीक प्रमाणातच एकत्र काम करतात. सगळंच दुणावलं तर प्रमाण बिघडत नाही. नंतर एकच प्रत गळली तर बिघडतं. म्हणून मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये इतर जनुकांवर नियंत्रण ठेवणारी जनुकं जोडीने जास्त टिकलेली दिसतात, तर डीएनएची दुरुस्ती करणारी बहुधा एकेकटी उरली आहेत.

धागाकर्ती

मग वाक्य असं करते: ‘सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी अमेरिकन कापसाचा जीनोम दुणावला आणि जनुकगळ सुरू झाली.’

प्रतिसाद

इथे दुणावला नको. तिथे एकाच जीनोमची दुप्पट झालेली नाही. देशी कापसाच्या गोतातला एक जीनोम आणि अमेरिकेतल्या रानटी कापसाचा दुसरा, असे दोन वेगळे एकत्र आले. ‘दोन जीनोम एकत्र नांदू लागले’ असं लिहा. पुढची जनुकगळ तशीच राहू द्या.