पिकअप ठेवू की एक्स्चेंजला देऊ?

जुन्नरकर: मंडळी सल्ला द्या. बीएस६ डिझेल पिकअप आहे, शेतातून नारायणगाव मार्केटला टोमॅटो टाकतो, पण डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा पेटतो, गाडीचा जोर कमी होतो, सर्व्हिसवाले साफ करून देतात की परत तेच. हप्ते चालूच. शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये फारच कमी भाव देतोय.

घाटवाला: भाऊ दोष गाडीचा की वापराचा ते आधी बघा. जवळच्या फेऱ्यांत इंजिन तापत नाही, मग फिल्टरमधली काजळी जळतच नाही. दिवा लागला की गाडी बंद करू नका, नाशिक हायवेला अर्धा तास एकसारखी पळवा. आणि ऑइलची पट्टी बघा, लेव्हल वाढलेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, ते लगेच बदला.

मामा_ओतूर: मी तर काढून टाकेन, रोजची डोकेदुखी कशाला. पण शोरूमला नको, बाहेर विका. आधी बँकेकडून फोरक्लोजरचा (कर्ज मुदतीआधी फेडायचा) आकडा घ्या, पैसे भरले की बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. जवळच्याच फेऱ्या असतील तर पुढची सीएनजी बघा.

जुन्नरकर: फेऱ्या जवळच्याच आहेत हो. उद्या पट्टी बघून सांगतो.