साखरपुडा ते लग्न : त्या दोघांना आणि त्या दिवसांना काय म्हणावे?

चर्चाप्रस्ताव

लग्न ठरलेल्या, पण अजून न झालेल्या दोन माणसांसाठी मराठीत कोणता शब्द वापरावा, आणि साखरपुड्यापासून अक्षता पडेपर्यंतच्या आठवड्यांना स्वतंत्र नाव आहे का, असे दोन प्रश्न एका मजकुराचे संपादन करताना माझ्यासमोर आले. मजकूर एका नोकरदार जोडप्याच्या त्याच दिवसांविषयी आहे : दोघे मिळून भाड्याचे घर शोधतात, एकमेकांच्या नातेवाइकांकडे जेवायला जातात, खरेदीच्या याद्या करतात आणि अधूनमधून भांडतातही. लेखिकेने त्या मुलाला आणि मुलीला एका पानावर ‘फियान्से’, दुसऱ्या पानावर ‘वाग्दत्त वधू’ आणि ‘नियोजित वर’, आणि पुढे ‘नियोजित दांपत्य’ असे म्हटले आहे. शेवटचा शब्दप्रयोग मला खटकला, पण तो का खटकला हे मला नीट सांगता येत नाही. त्याच मजकुरात ‘केळवण’ आणि ‘गडगनेर’ हे दोन्ही शब्द आले आहेत. ते समानार्थी मानावेत का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

‘नियोजित दांपत्य’ खटकते ते योग्यच आहे. संस्कृतातील ‘दंपती’ या शब्दात घर असा अर्थ असलेला ‘दम्’ हा अंश आहे, म्हणजे घराचे दोघे धनी असा त्याचा अर्थ होतो, आणि मराठीत ‘दांपत्य’ हा शब्द केवळ विवाहित जोडीसाठीच रूढ आहे. ‘युगुल’ म्हणावे, तर वृत्तपत्रांनी त्याला ‘प्रेमी’ हे विशेषण इतके घट्ट चिकटवले आहे की घरच्यांनी ठरवलेल्या लग्नातील मुलामुलींना तो शब्द लावताना कुणाचाही हात अडखळेल.

‘वाग्दत्त’ या शब्दाबाबत जरा सविस्तर लिहितो, कारण तो फार सैलपणे वापरला जातो. वाग्दत्ता म्हणजे वाचेने दिलेली. मुलीचा पिता ‘माझी मुलगी तुमच्या मुलाला देईन’ असे वचन सर्वांसमक्ष देतो, ते वाग्दान, आणि ज्या विधीत हे वचन उच्चारले जाते तो वाङ्निश्चय. वाक् आणि निश्चय यांचा संधी ‘वाग्निश्चय’ असाही होतो आणि ‘वाङ्निश्चय’ असाही. पाणिनीने येथे अनुनासिक वैकल्पिक मानले असल्यामुळे पत्रिकेत कुणी ‘वाग्निश्चय’ छापले तर ती चूक समजू नये. मात्र या विधीत दिली जाते ती मुलगी. मुलाला कुणी कुणाला देत नाही. त्यामुळे ‘वाग्दत्त वर’ हा शब्दप्रयोग वापरात असला तरी अर्थाच्या दृष्टीने पोकळ आहे. माझे स्पष्ट मत असे की, स्वतःच्या पगारावर स्वतःचे घर शोधणाऱ्या मुलीविषयी लिहिताना ‘वाग्दत्त वधू’ हाही शब्द टाळावा, कारण त्यात तिचा स्वतःचा होकार कुठेच नाही.

आणखी एक बारकावा संपादनात उपयोगी पडेल. बोलण्यात साखरपुडा आणि वाङ्निश्चय हे समानार्थी झाले असले तरी अनेक घरांत साखरपुडा काही महिने आधी होतो आणि वाङ्निश्चयाचा विधी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाबरोबर, केला जातो. (‘श्रीमंतीपूजन’ हे सीमांतपूजनाचेच बदललेले रूप आहे. वरपक्षाचे स्वागत गावाच्या सीमेवर करायचे, यावरून ते नाव पडले; श्रीमंतीशी त्याचा संबंध नाही.) साखरपुडा हा मूळचा रूढीचा शब्द आहे : वराकडचे लोक साडी आणि साखरेचा पुडा घेऊन मुलीकडे जात, म्हणून तो साखरपुडा. म्हणून लेखिकेच्या मजकुरात ‘वाङ्निश्चयानंतरचे दोन महिने’ असे असल्यास तेथे ‘साखरपुड्यानंतरचे’ असे करणे अधिक सुरक्षित ठरेल.

‘नियोजित’ हा शब्द निर्दोष आहे, परंतु त्याला कागदोपत्री वास आहे. बातमीत, अर्जात, पत्रिकेच्या मसुद्यात तो शोभतो. मुलगी मैत्रिणीशी बोलताना मात्र ‘माझा नियोजित वर’ असे कधीच म्हणणार नाही. ती ‘माझा होणारा नवरा’ म्हणेल. या ठिकाणी मराठीची एक गंमत दिसते. ‘नवरा’ हा शब्द ‘नववर’ या शब्दावरून आलेला, म्हणजे मुळात तो लग्नमंडपातल्या मुलाचा शब्द. पण लग्नानंतरही तो टिकतो आणि पतीचा वाचक होतो. ‘नवरी’ मात्र मंडपापुरतीच नवरी असते आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बायको म्हणतात. त्यामुळे ‘होणारा नवरा’ आणि ‘होणारी बायको’ अशीच जोडी जमते. ‘होणारी नवरी’ म्हटले की कान लगेच टवकारतात. बोलीच्या अंगाने जाणाऱ्या मजकुरात मी हीच जोडी ठेवीन.

प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. फक्त क्रियापदांकडेही लक्ष वेधावेसे वाटते. या अवस्थेसाठी मराठी माणूस बहुधा नाम वापरतच नाही. ‘तिचं ठरलंय’ एवढ्या दोन शब्दांत सगळे येते. कर्ता कोण आणि काय ठरले, हे सांगावे लागत नाही. ‘तिचं जमलंय’ याचा अर्थ मात्र संदर्भाने बदलतो : वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्याचा अर्थ स्थळ जुळले असा असतो, तर महाविद्यालयातील मुलांच्या तोंडी प्रेम जुळले असा. ‘ठरलंय’ मध्ये बोलणी पूर्ण झाल्याची खात्री आहे, ती ‘जमलंय’ मध्ये नाही.

पश्चिम महाराष्ट्रात मुलीला कुंकू लावले की लग्न पक्के समजतात, आणि मुलाला टिळा लावण्याचीही पद्धत पुष्कळ भागांत आहे. ‘सुपारी फुटली’ म्हणजे सोयरीक पक्की झाली. वाजंत्री किंवा तमाशाचा फड ठरवतानाही सुपारीच दिली जाते. गुन्हेगारीच्या बातम्यांमुळे हा शब्द काळवंडला असला तरी लग्नाच्या बैठकीत तो आजही मंगलच आहे. देण्याघेण्याची, मानपानाची आणि खर्चाच्या वाटणीची यादी ज्या बैठकीत लिहिली जाते तिला ‘याद्या’ किंवा ‘यादी’ म्हणतात, आणि त्याच बैठकीत लग्नही उरकले तर ‘यादी पे शादी’. अशा लग्नात चर्चेत आलेला मधला काळच उरत नाही, आणि वेळ व पैसा वाचतो म्हणून गावोगावी त्याचे कौतुकही होते. आमच्याकडे ठरल्या क्षणापासून मुलाकडच्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. ‘तुमचे पाहुणे कुठले?’ या प्रश्नाचा अर्थ ‘मुलगी कुठे दिली?’ असा असतो, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सहसा कळत नाही.

प्रतिसाद

केळवण आणि गडगनेर यांविषयी. लग्न किंवा मुंज होण्यापूर्वी आप्तेष्टांनी वधूला, वराला किंवा बटूला घरी बोलावून घातलेले गोडाचे जेवण, या अर्थाने दोन्ही शब्द चालतात, आणि लेखिकेने ते एकाच अर्थाने वापरले असतील तर चूक नाही. तरीही एका मजकुरात एकच शब्द ठेवावा, आणि तो केळवण असावा, असे मला वाटते, कारण गडगनेर हा शब्द तरुण वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असतो. केळवण नपुंसकलिंगी आहे : ते केळवण, केळवणाला बोलावणे, केळवणे सुरू झाली. केळीच्या पानावर वाढायचे म्हणून केळवण, अशी एक व्युत्पत्ती घरोघरी सांगतात. ती गोड आहे, पण केवळ ध्वनिसाम्यावर उभी असल्यामुळे मी ती मजकुरात घेणार नाही. गुजरातीत ‘केळवणी’ म्हणजे शिक्षण, ‘केळववुं’ म्हणजे जोपासून तयार करणे. आपल्या शब्दाशी त्याचे नाते असेलच असे म्हणण्याइतका आधार माझ्याजवळ नाही.

व्युत्पत्तीपेक्षा मला या शब्दाच्या वापरात झालेला बदल अधिक महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीत मुलीचे केळवण तिची मावशी, आत्या, मामी करणार, आणि मुलाचे केळवण त्याच्याकडचे लोक करणार. दोघे एका पंगतीला बसण्याचा प्रश्नच नव्हता. माहेर सोडण्यापूर्वी मुलीला आपल्या माणसांनी आवडीचे जेवू घालणे, हा त्यामागचा भाव. आता मात्र निमंत्रण देताना यजमान हमखास विचारतात, ‘दोघे जोडीने याल ना?’ हे ‘जोडीने’ फार लक्षणीय आहे. जोडीने नमस्कार, जोडीने पूजा, जोडीने ओवाळणे, असे हे क्रियाविशेषण आजवर विवाहितांसाठीच राखून ठेवलेले होते. केळवणाच्या निमित्ताने ते साखरपुडा झालेल्यांनाही मिळाले, आणि घरातल्या थोरल्या बायकांनीच ते दिले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

माझ्या भाचीच्या केळवणात हे मी अगदी जवळून पाहिले. तिच्या मोठ्या काकूंनी दोन पाट शेजारी मांडले, ताटांभोवती महिरपीची रांगोळी काढली, आणि औक्षण करताना क्षणभर थांबून, मुलाला आधी ओवाळायचे की मुलीला, याचा विचार केला. मग निरांजनाचे तबक दोघांच्या मधोमध धरून एकदमच ओवाळले. मुलीची ओटी भरली, मुलाच्या हातात पाकीट दिले. वाढताना त्या मुलाला सवयीने ‘अहो, जावईबापू’ म्हणाल्या आणि लगेच, ‘अजून नाही, पण आता व्हायचेच,’ असे स्वतःच म्हणाल्या. त्यानंतर नाव घेण्याचा आग्रह झाला. लग्नाआधी नाव घ्यावे की नाही, यावर दोन आज्यांमध्ये गंभीर चर्चा झाली, आणि एकीने निवाडा दिला की केळवणाच्या पाटावर बसल्यावर उखाणा चालतो. त्या संध्याकाळी भाषा आणि रीत दोन्ही एकदम पुढे सरकल्या, असे मला वाटले.

उपप्रतिसाद (चर्चाप्रस्तावक)

सर्वांचे आभार. ‘होणारा नवरा’ आणि ‘होणारी बायको’ ही जोडी मी स्वीकारत आहे आणि ‘दांपत्य’ काढून टाकत आहे. काळाच्या नावाचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. मला ‘लगीनघाई’ सुचला होता, परंतु निवडणुकीच्या बातम्यांत तो इतका वापरला जातो की मूळ अर्थ उरला आहे की नाही, अशी शंका येते. शिवाय ‘प्री-वेडिंग’ हा शब्द त्या मजकुरात नाम म्हणून आला आहे : ‘आमचे प्री-वेडिंग लोणावळ्याला झाले.’ त्याऐवजी ‘विवाहपूर्व’ लिहावे का?

प्रतिसाद

‘विवाहपूर्व’ हे विशेषण आहे आणि त्यामागे कोणते नाम येते यावर सारे अवलंबून असते. ‘विवाहपूर्व समुपदेशन’ सरळ आहे. ‘विवाहपूर्व संबंध’ म्हटले की वाचकाच्या मनात वेगळाच अर्थ येतो. त्यामुळे ते एकटे सोडू नये. बोलणाऱ्याच्या तोंडचे वाक्य असेल तर ‘प्री-वेडिंग’ तसेच ठेवावे, कारण आज लोक तेच म्हणतात. निवेदनात ‘लग्नाआधीची छायाचित्रे’ असे साधे लिहावे.

लगीनघाई निःशंक वापरावा. राजकारणाने तो उसना घेतला म्हणून लग्नघराने तो सोडण्याचे कारण नाही. फक्त लग्नसराईशी त्याची गल्लत करू नये. लग्नसराई हा हंगाम आहे, तो बाजाराचा, सोनाराचा, कार्यालयवाल्याचा शब्द; तुळशीचे लग्न लागले की ती सुरू होते. लगीनघाई एका घराची असते. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसे कापडदुकानाच्या गादीवर ऐसपैस बसलेली असतात, मानापानाच्या साड्यांचे वेगळे गठ्ठे लागत असतात, आणि शालूचा रंग ठरवताना मुलगी मोठ्यांच्या डोक्यांवरून त्या मुलाकडे पाहते, तेव्हा चालू असते ती लगीनघाई. (बस्ता हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ बांधलेले गाठोडे, आपण त्याला पुन्हा ‘बांधणे’ हेच क्रियापद लावले.) पण ज्या दिवसांत ते दोघे केवळ घर पाहत हिंडतात, त्यांना लगीनघाई म्हणता येणार नाही. तेथे ‘लग्न ठरल्यानंतरचे दिवस’ हेच उत्तम मराठी आहे, आणि त्यासाठी नवा सामासिक शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही.

प्रतिसाद

पत्रिकेचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. लग्नापूर्वी मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ लिहितात, ते ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ याचे संक्षिप्त रूप आहे. ‘कां’वरचा अनुस्वार गाळून ‘सौ. का.’ असे सर्रास छापले जाते. तो गाळू नये. काही मुलींना हे बिरुदच नको असते, कारण त्यात केवळ तिने सौभाग्याची आकांक्षा धरायची असते, मुलाला मात्र नुसते ‘चि.’ पुरते. अशा वेळी दोघांनाही ‘चि.’ लिहावे, ते सर्वांत समतोल दिसते.

ज्या मजकुराचे संपादन चालू आहे त्यातील दोघे नोंदणी पद्धतीने लग्न करणार असतील, तर त्यांच्या या आठवड्यांना कायद्यानेच माप दिलेले आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी किमान एकजण ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहत आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती लावली जाते, आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती नोटीस बाद होते. तिला ‘नियोजित विवाहाची नोटीस’ म्हणतात, म्हणजे वर ज्याला कागदोपत्री वास आहे असे म्हटले आहे तो शब्द येथे अगदी आपल्या जागी आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी त्या काळाला सरळ ‘आमची नोटीस चालू आहे’ असे म्हणत असे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळत असे.

याला ‘कोर्ट मॅरेज’ लिहू नये, कारण येथे न्यायालयाचा काहीही संबंध येत नाही. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात होते. तसेच ‘नोंदणी विवाह’ आणि ‘विवाहनोंदणी’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येत असतील तर तेही तपासावे. अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी लागते ते लग्न म्हणजे नोंदणी विवाह. मंडपात अक्षता टाकून झालेल्या लग्नाची नंतर दफ्तरी नोंद करून दाखला घेतात, ती विवाहनोंदणी. पहिल्यात नोटिशीचे दिवस असतात, दुसऱ्यात नसतात.