'हाफ-टिंबर्ड' घराला मराठीत काय म्हणावं?

निशिगंध:
मी मँचेस्टरला असते. पुढच्या महिन्यात आईबाबा येताहेत, त्यांना चेशरमधला लिटल मोरटन हॉल दाखवायचाय. आईला सगळं मराठीत वाचायचं असतं, म्हणून दोन पानं लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. 'अर्धलाकडी घर' लिहिलं, तर भाऊ म्हणतो, अर्धवट बांधून सोडलंय असं वाटतं! १५०४ च्या सुमाराला सुरू होऊन शंभरेक वर्षं वाढत गेलेलं घर आहे. ओकचे खांब-तुळया, मधे भरलेल्या भिंती, विटांची धुराडी.

सह्यकडा:
'काष्ठसांगाडी' लिहा. नेमका शब्द आहे, मराठी घडणीचा आहे.

ओटीपडवी:
काष्ठ म्हटलं की मला सरण आठवतं. साधं 'लाकडी सांगाड्याचं' म्हणा ना. आणि मधल्या भिंतींना आपला शब्द आहेच, कूड! तिथे ओकच्या पट्ट्या विणून वर माती-शेण-गवताचा गिलावा, आमच्या राजापुरात कारवीच्या काठ्या आणि शेणमाती. पाऊस सरला की आजीच्या माजघराचा कूड आम्ही मुलंच लिंपायचो. हात आठवडाभर खरखरीत.

सह्यकडा:
कूड आला संस्कृत 'कुड्य'वरून. कुड्य म्हणजे कुठलीही भिंत. तेव्हा विटांची असली तरी कूडच.

ओटीपडवी:
विटांच्या भिंतीला कूड म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही. चौकटीत विटा रचल्या की ती पडदी.

तीनखणी:
फरक महत्त्वाचा आहे. इंग्लंडात पुष्कळ घरांचे कूड काढून मागाहून विटा भरल्या, कधी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचून. विटांनी सांगाड्यावर भार वाढतो, ओल धरली की लाकूड कुजतं. पुण्याच्या वाड्यांतही लाकडी सांगाड्यात विटा भरलेल्या दिसतात. आणि निशिगंधताई, तिथे घर 'बे'मधे, म्हणजे खांबांच्या दोन रांगांमधल्या जागेत, मोजतात ना? तो आपला खण. 'पाच खणी घर' लिहिलं की आईंना चटकन कळेल.

निशिगंध:
खण! मी 'कप्पा' लिहून बसले होते. तिथल्या खिडक्यांवर सुताराने स्वतःचं नाव कोरलंय, रिचर्ड डेल, १५५९; देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या म्हणून. त्याच्या घराला 'कप्पे' शोभले नसते.

भीमाकाठ:
आमच्या सोलापूरकडे खणाला अंकण म्हणतात. तेही लिहा.

सह्यकडा:
अंकण कानडी वळणाचा वाटतो, खणच ठेवा. आणि ओटीपडवी, कुड्य म्हणजेच भिंत, मग 'कुडाची भिंत' ही द्विरुक्ती झाली. निदान लिहिताना टाळावी.

भीमाकाठ:
सीमेवरच्या माणसांची मराठी काय परकी आहे?

ओटीपडवी:
आजी जन्मभर 'कुडाची भिंत' म्हणाली. तो कूड तिने स्वतः बांधलेला होता. तिचा शब्द मी खोडणार नाही.