वनझी कधी बंद करायची आणि साधे टीशर्ट कधी सुरू करायचे?

रात्रपाळी_बाबा:
घरात रोज याच विषयावर वाद चालू आहे म्हणून इथे टाकतोय. मुलगा सव्वा वर्षाचा, चालतो, खरं तर पळतोच. बायकोचं म्हणणं डायपर सुटेपर्यंत वनझीच घालायची. माझं म्हणणं पोरगं पायावर उभं राहिलं की वनझीचं काम संपलं, सरळ टीशर्ट आणि इलॅस्टिकची पॅंट. (वनझी म्हणजे ती आखूड, खाली दोन पायांच्या मध्ये टिचबटणं असलेली. पायापर्यंतचा झोपायचा सूट नाही, तो विषय वेगळा.) कारण सांगतो. हा आता डायपर बदलताना आडवा पडतच नाही, उभ्याउभ्याच बदलावा लागतो, आणि उभ्या पोराच्या पायांत हात घालून तीन टिचबटणं न बघता लावायची म्हणजे पहिलं दुसऱ्याला लागतं, दुसरं तिसऱ्याला, शेवटी एक उरतं, उघडून परत लावावं तर साहेब टेबलाखाली. वर्षानंतरची वनझी ही आईबापांची निव्वळ सवय आहे, मुलाची गरज नाही. बोला आता.

दोन_पिल्लांची_आई:
साफ असहमत. तुमचा मुलगा अजून डायपरची चिकटपट्टी उघडायला शिकला नाहीये इतकंच. शिकेल. माझा धाकटा दीड वर्षाचा असताना एकदा दुपारी झोपून उठला, एरवी उठल्या उठल्या भोंगा सुरू होतो पण त्या दिवशी काही आवाजच नाही, मला वाटलं वा, आज चांगला झोपलाय. आत जाऊन बघते तर टीशर्ट काखेपर्यंत वर, डायपर कॉटच्या बाहेर, आणि कॉटचे गज, चादर, त्याचे केस... जाऊ दे, कोणी जेवत असेल. आणि चेहऱ्यावर इतकं समाधान! वनझी असती तर हात तिथपर्यंत पोचलाच नसता. त्या दिवसापासून डायपर पूर्ण सुटेपर्यंत आमच्याकडे टीशर्ट बंद.

कडेवर_घे:
+१ आईला. शिवाय मूल दिवसभर उचलावं लागतं त्याचं काय? काखेत हात घालून उचललं की टीशर्ट वर, पाठ उघडी, पोट उघडं. थंडीत तर बघवत नाही. खाली ओढा, परत उचला, परत ओढा. रांगणाऱ्यांचं तर विचारूच नका, टीशर्ट गोळा होऊन छातीशी येतो. रात्रपाळी_बाबा, दिवसभर मुलाला कडेवर कोण घेतं तुमच्याकडे? (नुसतं विचारतेय हं.)

रात्रपाळी_बाबा:
हाहा, नावावरून अंदाज आला असेल, रात्रपाळी माझी, म्हणजे दिवसा मीच असतो घरी. तेव्हा हा बाण वाया गेला. आणि उघड्या पाठीवर उपाय म्हणजे जरा लांब टीशर्ट घ्या, त्याच्यासाठी पोराला बटणांनी खाली बांधून कशाला ठेवायचं?

मापात_पाप:
इथे कोणी मापाबद्दल बोललंच नाही अजून. वनझीत लांबीला महत्त्व आहे, खांद्यापासून खाली बटणांपर्यंत. लेबलवर महिने लिहिलेले असतात पण एकाच वयाच्या दोन मुलांच्या धडात चांगला फरक असतो. लांब धडाचं मूल असेल तर बाही, छाती सगळं बरोबर बसतं आणि फक्त खाली ताणतं, मग मूल वाकलं की फट्‌ करून बटणं सुटतात, सुटली नाहीत तर मांडीच्या सांध्यात कापडाची कड रुतून लाल वळ उठतो. वाढीच्या वयात हे पटकन होतं. टीशर्ट आखूड झाला तरी काही दिवस निभावतो, वनझी आखूड झाली की त्याच दिवशी संपली. बटणांना जोडायच्या जादा पट्ट्या मिळतात, एक्स्टेंडर म्हणतात, त्याने थोडं लांबवता येतं. पण माझं मत विचाराल तर बटणं लावताना कापड ओढावं लागतंय म्हणजे मुलाचं वय काहीही असो, ती वनझी गेली.

पाळणाघरवाली:
मी पाळणाघरात काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा भरपूर अनुभव आहे. आधी एक सांगते, बऱ्याच पालकांना वनझीच्या खांद्यावर ते एकावर एक आलेले दोन पदर कशाला असतात हेच माहीत नसतं. ते डोकं सहज जावं म्हणून असतातच, पण मुख्य म्हणजे डायपर फुटून शी पाठीपर्यंत आली की वनझी वरून नाही काढायची, गळा रुंद करून खांद्यांवरून खाली पायांकडे ओढायची. डोकं, केस सगळं वाचतं. साधा टीशर्ट अशा वेळी डोक्यावरूनच काढावा लागतो आणि मग मूल, मी आणि टॉवेल तिघांची आंघोळ. त्यामुळे लहान बाळांना वनझीच, यात माझ्या लेखी वाद नाही.

पण!! पॉटीवर बसवायला सुरुवात केली की कृपा करून वनझी पाठवू नका. बरीच मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी हे शिकतात, आणि शिकताना हातात वेळ फार कमी असतो. मूल “शू” म्हणतं तेव्हा शू आलेली नसते, निघालेली असते. त्यात मी वाकून तीन बटणं सोडवायची, मागचं शेपूट वर धरायचं, धरलं नाही तर ते बरोबर पॉटीत बुडतं. मुलाला स्वतःला तर ती बटणं उघडताच येत नाहीत, मग पॅंट खाली करून एकट्याने बसायची हौस कुठून येणार? दोन_पिल्लांची_आई, डायपर “पूर्ण सुटेपर्यंत” वनझी घालायची म्हणालात ना, ते मला पटलं नाही. डायपर सोडवायचा तर वनझी आधी सुटायला हवी.

दोन_पिल्लांची_आई:
हे मान्य, पॉटीच्या वेळी दिवसा टीशर्ट. पण ते सव्वा वर्षाच्या मुलाला कशाला लागू? धागा सव्वा वर्षाच्याच मुलाचा आहे.

सहज_सुचलं:
मुलं स्वतः कपडे घालायला शिकतात तो मुद्दाही आहे ना. वनझीत मूल नुसतं बाहुलीसारखं उभं राहतं, टीशर्ट असेल तर निदान हात घालायला, डोकं काढायला धडपडतं. लवकर सुरू केलं तर लवकर येईल.

मापात_पाप:
हात तर ते वनझीतही घालतंच की. वर्षाच्या आसपास मुलं बाहीत हात पुढे करायला लागतात, तेवढं दोन्हीत सारखंच. अमेरिकेतल्या सीडीसीची (तिथली सरकारी आरोग्य संस्था) मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी आहे, त्यात सैल पॅंट किंवा पुढून उघडं जॅकेट स्वतः काढणं ३० महिन्यांना धरलंय आणि स्वतः घालणं ३ वर्षांना. म्हणजे या कारणासाठी सव्वाव्या वर्षी घाई करण्यात अर्थ नाही.

कडेवर_घे:
सव्वा वर्षाच्या पोराला कपडे काढता येत नाहीत ही तर देवाची कृपा म्हणा!

सहज_सुचलं:
बरं. मग मध्यम मार्ग, पुढून बटणांचा कॉलरवाला शर्ट? डोक्यावरून घालायची भानगडच नाही.

पाळणाघरवाली:
अहो बटणं सैल झाली की तोंडात जातात, ३ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत हा खरा धोका आहे, श्वास अडकू शकतो. रोज ओढून बघत असाल तर घाला. आणि टीशर्टांकडे वळलात की टोप्यांचे, नाड्यांचे कपडे आपोआप घरात येतात, तेव्हा गळ्याजवळ नाडी असलेलं काही घेऊ नका, घसरगुंडीत अडकते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने यावर १९९६ सालीच सूचना काढल्या होत्या.

मोठं_होऊ_दे:
मी धागा फक्त वाचत होते, पण वर “वर्षानंतरची वनझी ही निव्वळ सवय” वाचलं म्हणून लिहिते. माझी लेक पाचव्या वर्षात आहे. तिला पोटातून नळीने फीड देतो. टीशर्ट घातला की झोपेत तिचा हात नळीकडे जातो, वनझीत जात नाही. मोठ्या मुलांच्या मापाच्या वनझ्या सगळीकडे मिळत नाहीत, विशेष गरजांच्या मुलांसाठी कपडे बनवणारे लोक शोधावे लागतात, पण मिळतात. काही मुलांना पोटावर घट्ट कापड असलं की शांत वाटतं, ती मुलं टीशर्टच्या सैल कडेने कासावीस होतात. अशा मुलांच्या अंगात वनझी दिसली की लोक हसून “अजून बाळाचे कपडे?” म्हणतात. बाकी चालू द्या.

रात्रपाळी_बाबा:
ताई, ही बाजू माहीत नव्हती, लिहिलंत ते बरं केलंत. मी माझ्या घरातल्या पळणाऱ्या, चिकटपट्टी न उघडणाऱ्या (अजून तरी) प्राण्यापुरतं बोलत होतो. त्याच्यापुरतं मत कायम आहे, दिवसा टीशर्ट. रात्री बायको जिंकली, कारण रात्री मी घरी नसतो.

दोन_पिल्लांची_आई:
🙏 बरोबर निर्णय. दिवसाचाही लवकरच बदलाल, थांबा थोडं.

कडेवर_घे:
मग जुन्या वनझ्यांचं काय करणार? मी तर खालची बटणांची पट्टी सरळ कापून टाकते. ते होजिअरीचं कापड असतं, सुटत नाही, कड जरा वळते एवढंच, वेळ असला तर दुमडून टीप मारायची. झाला टीशर्ट.

पाळणाघरवाली:
कापायच्या आधी एक करून बघा. बटणं लावूच नका, पुढचा मागचा भाग नुसता पॅंटीत खोचा. उचललं तरी बाहेर येत नाही, डायपर बदलताना उघडायचं काही नाही, आणि लांब धडाच्या मुलालाही अजून थोडे दिवस चालते.

रात्रपाळी_बाबा:
म्हणजे शेवटी टीशर्टच झाला की तो!

पाळणाघरवाली:
लांब टीशर्ट. खांद्यावरून खाली काढता येणारा. आजपर्यंत तुमच्या टीशर्टात शी पाठीवर आली नसेल, म्हणून विचारताय.