केसिंगचे सगळे बोल्ट एकाच लांबीचे: मल्टी-स्प्रिंग डायफ्रॅम ॲक्च्युएटर उघडायचा कसा?

नीराकाठ

साखर कारखाना, ऑफ-सीझनचं ओव्हरहॉलिंग चालू आहे. ज्यूस हीटरच्या वाफेच्या लाइनवर ८० एनबीचा (८० मिमी नळीच्या मापाचा) ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्ह आहे, एअर टू ओपन, म्हणजे हवेने उघडणारा आणि स्प्रिंगने बंद होणारा. ॲक्च्युएटरच्या (हवेने रबरी डायफ्रॅम ढकलून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या वरच्या डब्याच्या) पाटीवर लिहिलंय: ३५० चौ. सेमी, स्प्रिंग रेंज १.४–२.३ बार, ट्रॅव्हल (चाल) १५ मिमी. मॅन्युअलप्रमाणे आत १२ स्प्रिंगा.

हवा दिली की वरच्या केसिंगच्या व्हेंटमधून सूं करून बाहेर येते आणि व्हॉल्व्ह अर्ध्याच्या पुढे उचलत नाही. डायफ्रॅम फाटलाय. नवा कंपनीकडून आलाय.

अडचण अशी की मॅन्युअलच्या चित्रात केसिंगला काही बोल्ट लांब दाखवलेत, ते सर्वांत शेवटी सोडायचे असं लिहिलंय. इथे मात्र १२ च्या १२ एम-८ बोल्ट एकाच लांबीचे, ३० मिमी. आधी कुणीतरी प्रेसखाली धरून बसवला असणार.

१. स्प्रिंगचा ताण कसा सोडवू? चार सी-क्लॅम्प लावून चालेल का?
२. लाइनवरच उघडू की खाली काढून टेबलावर नेऊ?
३. स्टोअरवाले म्हणतात, पुढच्या वेळी रबर शीटमधून डायफ्रॅम कापून घ्या. चालतं का?

दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन आहे, त्याआधी उरकायचंय.

तेरा नंबर पाना

आधी आतला ताण किती आहे ते काढा. पाटीवरचा खालचा आकडा गुणिले क्षेत्रफळ. १ बार म्हणजे दर चौ. सेमीला १० न्यूटन, म्हणजे १.४ बारला १४. १४ × ३५० = ४,९०० न्यूटन, साधारण ५०० किलो. हवा शून्य असताना, व्हॉल्व्ह बंद असतानाही एवढा जोर वरच्या केसिंगला ढकलत असतो. ०.२–१.० बारचा याच मापाचा ॲक्च्युएटर असता तर ७१ किलो. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, फरक फक्त पाटीवर.

आता स्प्रिंग पूर्ण मोकळी व्हायला केसिंग किती वर यावं लागेल ते बघा. १५ मिमी ट्रॅव्हलला ०.९ बार लागतो, म्हणजे मिलिमीटरला ०.०६ बार. १.४ भागिले ०.०६ = २३ मिमी. प्लग (व्हॉल्व्हमधलं बूच) सीटवर टेकलेला असल्यामुळे स्टेम (त्याला हलवणारी दांडी) त्याच्या स्टॉपपासून दोन-तीन मिमी वर थांबलेला असतो, तेवढं धरा. २६ मिमी झाले. तुमच्या ३० मिमीच्या बोल्टला नटाच्या पुढे जेमतेम चार-पाच आटे असतील. म्हणजे नट निघेल तेव्हाही स्प्रिंगा जवळजवळ पूर्ण दाबलेल्याच असतील, आणि झाकण उडेल.

सी-क्लॅम्प नको. केसिंगची कडा पत्र्याची आणि बाहेरच्या बाजूला उतरती असते, क्लॅम्प सरकतो. चारातला एक सरकला की बाकीच्यांवर तिरका भार येतो आणि तेही सुटतात.

उपाय पूर्ण आट्यांच्या स्टडचा. एम-८, ग्रेड ८.८, लांबी १०० मिमी, तीन नग, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी वॉशर आणि दोन-दोन नट. हिशेब: दोन्ही कडा आणि डायफ्रॅम मिळून १२ मिमी धरा (तुमचं माप कॅलिपरने घ्या), मोकळं व्हायला वरच्या २६ ला जादा धरून ४० मिमी, नट-वॉशर दोन्हीकडे मिळून ३० मिमी. ८० ते ८५ होतात, वर थोडं हाताशी. स्टेनलेस स्टडवर स्टेनलेस नट असतील तर अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावल्याशिवाय फिरवू नका, भाराखाली आटे एकमेकांना चिकटतात आणि नट मध्येच अडकतो. अर्ध्यात अडकलेला नट म्हणजे कापताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

क्रम:

१२ बोल्टांपैकी १, ५ आणि ९ नंबरचे एकेक करून बदला. एक काढा, त्या भोकात स्टड घाला, दोन्ही बाजूंनी नट आवळा, खालचा नट दुसऱ्या नटाने लॉक करा, मगच पुढचा. एका वेळी एकाहून जास्त भोक मोकळं ठेवू नका. दोन स्टडवरही होतं, पण दोनावर झाकण डुलतं. तीन घ्या.

मग उरलेले नऊ, समोरासमोरच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा ढिले करत काढा. आता सगळा भार तीन स्टडवर आहे.

मग वरचे तीन नट, एका वेळी एकच पूर्ण फेरा, आळीपाळीने. एम-८ ला फेऱ्याला १.२५ मिमी. २६ मिमीला प्रत्येक नटाचे २१ फेरे होतात. कंटाळा येतो, तरी एअर गन लावायची नाही. दर पाच फेऱ्यांनी पट्टीने तीन ठिकाणी फट मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी तो सारखा करा. तोंड आणि छाती केसिंगच्या वर आणू नका, बाजूला उभं राहून पाना चालवा.

लॉकअप

वरचं सगळं बरोबर, पण पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी.

हवा बंद केली म्हणजे ॲक्च्युएटर रिकामा झाला असं समजू नका. पोझिशनर (सिग्नलप्रमाणे ॲक्च्युएटरला हवा देणारं यंत्र) आणि ॲक्च्युएटरच्या मधे एअर लॉक रिले असेल तर पुरवठा गेल्यावर तो आतली हवा तशीच अडकवून ठेवतो, त्याचं कामच ते आहे. फाटक्या डायफ्रॅममधून ती निघून गेली असेल, पण भरवसा ठेवू नका. ॲक्च्युएटरच्या पोर्टवरचं फिटिंग खोला आणि ते उघडंच ठेवा. व्हॉल्व्हला हँडव्हील असेल तर ते न्यूट्रलला आणा. हँडव्हीलने उचललेल्या अवस्थेत स्प्रिंग जास्तीची दाबलेली राहते आणि वरचा २६ मिमीचा हिशेब चुकतो.

दुसरं, एअर टू ओपन व्हॉल्व्ह बंद ठेवतात त्या या स्प्रिंगाच. त्या काढल्या की व्हॉल्व्हला बंद धरणारं काहीच उरत नाही, आणि प्लगखाली दाब असेल तर स्टेम वर फेकला जातो. तुमचा बॉयलर आता थंड आहे म्हणून सोपं आहे. हंगामात करायची वेळ आली तर बायपासवर घेऊन दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, कुलूप आणि टॅग, मधला ड्रेन उघडा आणि तो गार, कोरडा होईपर्यंत वाट बघा.

लाइनवर की टेबलावर? नुसता डायफ्रॅम बदलायचा तर लाइनवरच. डोक्यावर अर्धा मीटर जागा आणि पायाखाली नीट प्लॅटफॉर्म हवा. ॲक्च्युएटर खाली काढायचा तर स्टेम कनेक्टर (ॲक्च्युएटरची आणि प्लगची दांडी जोडणारा तुकडा) सोडताना प्लग हवेने थोडा उचलून धरावा लागतो, नाहीतर कनेक्टरवर स्प्रिंगचा पूर्ण जोर असतो. ॲक्च्युएटर बॉनेटवरून (व्हॉल्व्हच्या वरच्या भागावरून) सुटेपर्यंत ती हवा चालू ठेवावी लागते. फाटक्या डायफ्रॅमवर त्या हवेचा भरवसा नाही. तुमच्या बाबतीत क्रम उलटा: आधी स्प्रिंगा काढा, मग कनेक्टर सोडा. तोवर कनेक्टरच्या फटीत बोट घालायचं नाही.

नीराकाठ

दोघांचे आभार. सांगितलंत तसे स्टड घातले. २२ फेरे झाले, तिन्ही नट आता हाताने फिरतात. पण झाकण हलत नाही. फट एका बाजूला २४ मिमी, दुसऱ्या बाजूला शून्य! डायफ्रॅम कडेला चिकटलाय. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू?

तेरा नंबर पाना

थांबा. सगळ्या कामातली सर्वांत धोक्याची जागा हीच. नट सैल आहेत म्हणून स्प्रिंग सैल आहे असं नाही. चिकटलेल्या बाजूला रबरानेच भार धरून ठेवलाय, तो सुटला की झाकण एका झटक्यात नटावर येऊन आदळेल.

आधी चिकटलेल्या बाजूच्या स्टडचा नट परत खाली घ्या, कडेपासून २-३ मिमीवर आणून ठेवा. बाकीचे दोनही हळूहळू त्याच पातळीवर आणा, म्हणजे सुटलं तरी झाकण तेवढंच उचललं जाईल. मग लाकडाची पाचर, स्क्रू-ड्रायव्हर नव्हे. खालच्या कडेवर ओरखडा पडला तर नवा डायफ्रॅमही तिथेच गळेल. पाचर दोन स्टडच्या मध्ये ठेवून नायलॉनच्या हातोडीने हलकेच ठोका, मान बाजूला. ‘टक्’ असा आवाज येऊन झाकण नटावर टेकेल. मग पुन्हा तिन्ही नट फेऱ्याफेऱ्याने. तिन्ही नट बोटाने फिरताहेत आणि झाकण हाताने डुलतंय, दोन्ही एकदम झालं की नट काढा.

बेंचसेट

पुढचा भाग मी लिहितो, कारण बहुतेक डायफ्रॅम बसवतानाच बिघडतात.

झाकण उचलण्याआधी कडेवर दोन्ही केसिंगांवर मार्करने एक सलग रेघ मारा. उचलल्यावर स्प्रिंगांचा फोटो काढा. १२ आहेत का, कुठल्या खाचेत कुठली, एकात एक घातलेल्या आहेत का, ते बघा. तुटलेली किंवा आखूड झालेली एखादी निघाली तर पूर्ण संच बदला.

कनेक्टर सोडल्यावर डायफ्रॅम प्लेटचा नट काढा. त्या वेळी स्टेम सपाट जागेवर दुसऱ्या पान्याने धरा. न धरता फिरवलात आणि कनेक्टर जोडलेला असेल तर प्लग सीटवर घासत फिरतो, आणि वाफेच्या व्हॉल्व्हला सीट खराब करायला तेवढंच पुरतं. उघडलंच आहे तर स्टेमची ओ-रिंग आणि गाइड बुश याच वेळी बदला. खाली योकपाशी स्टेमवर हवा गळते तेव्हा दोषी ही ओ-रिंग असते, डायफ्रॅम नव्हे.

जुना डायफ्रॅम टाकू नका, बघा कुठे फाटलाय ते. प्लेटच्या कडेला गोल चीर असेल तर प्लेटच्या कडेवर बर (धातूची धारदार कुसळं) आहे किंवा प्लेट उलटी बसवली होती. बोल्टच्या भोकांपाशी फाटला असेल तर आवळणं असमान झालं. सगळीकडे कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील तर उष्णता: नायट्राइल रबर साधारण ८० अंशांच्या पुढे लवकर कडक होतं, आणि वाफेच्या लाइनवर उघड्या बॉनेटवरून येणारी धग तेवढी असते. तसं असेल तर पुढचा डायफ्रॅम सिलिकॉनचा विचारा, बॉनेटच्या भोवती इन्सुलेशन वर चढवून ठेवू नका.

रबर शीटमधून कापलेल्याबद्दल: नको. मूळ डायफ्रॅममध्ये कापडाचा थर असतो आणि वळी घातलेली असते, ती ट्रॅव्हलबरोबर उलगडते. सपाट शीट उलगडत नाही, ताणली जाते. मग हवेचा दाब प्रत्यक्ष ज्यावर लागतो ते क्षेत्रफळ ट्रॅव्हलप्रमाणे बदलतं, पोझिशनर हंटिंग करतो (सारखा मागे-पुढे होत राहतो), आणि शीट भोकांपाशी फाटते.

बसवताना कडेला ग्रीस, गॅस्केट शेलॅक, सिलिकॉन सीलंट काहीही लावायचं नाही. निसरडी कडा दाबाखाली आत सरकते. दोन्ही कडा कोरड्या पुसा, वळीची बाजू चित्राप्रमाणे, भोकं नैसर्गिकपणे जुळली पाहिजेत. ओढून जुळवावी लागत असतील तर डायफ्रॅम चुकीचा आहे.

झाकण ठेवा, त्याच तीन स्टडवर, एकेक फेरा. फटीतून टॉर्च मारून बघा स्प्रिंगा उभ्या आहेत ना. एक जरी कलली तर उलटे फेरे घेऊन पुन्हा बसवा. कडा टेकल्या की उरलेले नऊ घाला, समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क मॅन्युअलमधला. पान्याला पाइप लावून आवळू नका. रबर कडेबाहेर फुगून आलेलं दिसलं तर जास्त झालंय.

स्टड काढून पुन्हा ३० मिमीचे बोल्ट घालू नका! तिथेच राहू द्या आणि तिन्हींना पिवळा रंग लावा.

तपासणी, कनेक्टर जोडण्याआधी: अचूक गेज आणि रेग्युलेटर लावून हवा हळूहळू वाढवा. १.४ ला स्टेम हलायला लागायला हवा, २.३ ला १५ मिमी पूर्ण. १.२८ ला हलला आणि २.१ ला पूर्ण झाला तर एक स्प्रिंग आत घालायची राहिलीय (बाराचे अकरा, दोन्ही आकडे एकाच प्रमाणात कमी होतात). दोन्ही आकडे सारख्याच फरकाने खाली असतील तर स्प्रिंग बरोबर आहेत पण प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) कमी आहे, प्लेट किंवा स्पेसर तपासा. चढताना आणि उतरताना वेगळे आकडे येत असतील तर बुशमध्ये घर्षण. मग ३ बारला हवा बंद करून पाच मिनिटं गेज बघा आणि कडेला साबणाचं पाणी. प्लांटची ६–७ बार हवा थेट लावायची नाही, पाटीवरच्या कमाल दाबाच्या आतच राहा.

जोडणी: हवेने स्टेम स्टॉपपासून २-३ मिमी उचला, प्लग सीटवर टेकवा, त्या स्थितीत कनेक्टर आवळा. हवा सोडली की तेवढी स्प्रिंग सीटवर बसते. हे केलं नाही तर नवा डायफ्रॅम घालूनही वाफ गळत राहते आणि खापर सीटवर फुटतं. जोडल्यावर पोझिशनरचं झिरो-स्पॅन (चालीची सुरुवात आणि शेवट) पुन्हा लावून घ्या, जुनं चालणार नाही.

नीराकाठ

झालं. पहिली हालचाल १.४१ ला, १५ मिमी २.३ ला. पाच मिनिटांत गेज हललं नाही. जुना डायफ्रॅम प्लेटच्या कडेलाच फाटला होता, प्लेटवर बर होती, पॉलिशपेपरने काढली. एक शंका: वरच्या केसिंगच्या आत खूप गंज आणि ओल होती. स्प्रिंगा ठीक दिसल्या, पण हे पाणी आलं कुठून?

लॉकअप

व्हेंटमधून. प्लग नसलेला किंवा आकाशाकडे तोंड असलेला व्हेंट पावसाचं पाणी आत घेतो. एल्बो लावून तोंड खाली करा, पुढे जाळीचा व्हेंट प्लग. तुमच्याकडे बगॅसचा भुसा उडतो, आणि कुंभारीण माशी तर एवढ्या मापाचं भोक शोधतच असते. तिच्या मातीने व्हेंट बंद झाला की वरच्या केसिंगमधली हवा बाहेर जात नाही, व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकतो आणि सगळे पोझिशनर बदलायला निघतात. दर महिन्याच्या राउंडला तारेने एकदा टोचून बघा.