गावापेक्षा पाणी बघा

खुकुरी, म्हणजे नेपाळी वाकडा सुरा, पूर्व नेपाळमधल्या भोजपूरची घ्यावी की काठमांडूच्या निर्यातदाराची, यावर बरीच खडाजंगी होते. मला विचाराल तर गाव दुय्यम. पोलाद बहुतेकांकडे एकच, जुन्या ट्रकचे कमानपाटे. खरा फरक पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पातं पाण्याने थंड करून कडक करण्यात. तिकडचे कामी, म्हणजे लोहार, तापलेलं अख्खं पातं बुडवत नाहीत; किटलीने धारेच्या कडेकडेने पाणी सोडतात. त्यामुळे पोट, म्हणजे धारेची बाजू, कडक होते आणि पाठ मऊ राहते. घेताना कानस फिरवून बघा: पोटावर घसरली पाहिजे, पाठीवर चावली पाहिजे. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

दुसरी गोष्ट मूठ. मी काठमांडूच्या ठमेल भागातल्या एका दुकानातून घेतलेल्या खुकुरीचं शेपूट, म्हणजे पात्याचं मुठीत जाणारं टोक, नुसतं लाखेने बसवलेलं होतं. उन्हात गाडीत राहिली, लाख मऊ झाली आणि मूठ खुळखुळायला लागली. लाकडं फोडायची असतील तर पानावल मुठीचीच घ्या; त्यात पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि रिपिटांनी पक्कं होतं. सिरुपाते, म्हणजे अरुंद पात्याची खुकुरी, दिसायला देखणी, पण झुडपं छाटण्यापुरती. आणि हो, म्यानात सोबत येणारी छोटी बोथट सुरी बिघडलेली नाही, ती चकमक आहे. धार सरळ करायला वापरतात.