मदत हवी आहे: प्रेसमध्ये दोन बोटं गेली, कंपनी म्हणते "घरी लागलं". तक्रार कुठे करायची, मालकाला शिक्षा काय होते?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही परत तेच विचाराल म्हणून सगळं एकदमच टाकतो.

मी एका प्रेस शॉपमध्ये (दाबयंत्रांवर भाग बनतात तिथे) टूलरूमला आहे, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, कंपनीच्या रोलवर, थेट कंपनीचा कामगार. शॉपमध्ये सगळी मिळून साठेक माणसं, रोलवर थोडीच, बाकी ठेकेदाराची. ऑक्टोबर 2025 मध्ये ठेकेदाराकडच्या एका पोराची (वय 25) उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन्ही मुळापासून. ही प्रेस दोन बटणांवर चालते, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असतील तरच रॅम (वरून दाब देणारा भाग) खाली यायला पाहिजे. पण उजवं बटण कित्येक महिने आत दाबून वरून काळी चिकटपट्टी मारलेली होती, मग डाव्या हाताने बटण मारायचं आणि उजव्या हाताने पीस डायमध्ये (साच्यात) ठेवायचा काढायचा, असं केलं की तासाचे नग वाढतात. सुपरवायझर रोज त्या मशीनसमोर उभा राहून नग मोजायचा, त्याला पट्टी दिसली नाही असं कुणी सांगू नये.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी पट्टी गायब, पुढे जाळीचा गार्ड बसला, त्याला पिवळा रंगपण मारला आणि रंग ओला असतानाच शिफ्ट चालू केली.

पोराला सुपरवायझरने खाजगी दवाखान्यात नेलं आणि केसपेपरवर लिहून घेतलंय की घरी दारात बोटं सापडली. पगार 14,000, स्लिपवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलेलं दिसतं पण त्याच्याकडे कार्ड नाही. तेव्हापासून पगार बंद. आता ठेकेदार म्हणतो 40 हजार घे, कागदावर सही कर, विषय संपव. तो सही करायच्या बेतात आहे, घर चालायला तर पाहिजे.

तर मला हे विचारायचंय की तक्रार पोलिसात करायची की लेबर ऑफिसला, मालकावर खरंच काही होतं का की नुसता दंड भरून मोकळा, ठेकेदाराचा माणूस म्हणून कंपनी हात झटकू शकते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तक्रार मी केली तर माझं नाव फुटेल का. मला दोन लहान मुलं आहेत, नोकरी घालवून चालणार नाही.

फिटर काका
पहिलं काम, त्या पोराला सही करू देऊ नका. त्या कागदावर "घरी लागलं" असं वाक्य असणारच, आणि कंपनीला 40 हजारात तेवढंच विकत घ्यायचं आहे.

लेबर ऑफिस पगार, बोनस वगैरे बघतं. मशीनची सुरक्षितता महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते, आपण ज्याला डिश ऑफिस म्हणतो, फॅक्टरी इन्स्पेक्टर तिथलाच. अपघातामुळे माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर तशी नोटीस मॅनेजरने पाठवायलाच लागते, अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 88. तुमच्याकडे ती गेलेली नसणार, म्हणजे बटणाचा गुन्हा वेगळा आणि अपघात लपवल्याचा वेगळा.

नावाचं म्हणाल तर त्याच कायद्यात कलम 118-अ आहे. तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं, आणि तपासणीला आल्यावर "तक्रार आली म्हणून आलोय" एवढंसुद्धा मालकाला सांगायचं नाही. तुम्ही स्वतः परवानगी दिलीत तरच नाव बाहेर. आता कायद्यात आहे म्हणून शंभर टक्के तसंच होतं असं मी म्हणणार नाही, साठ माणसांत कोण बोललं हे मालक अंदाजाने ओळखू शकतो. म्हणून तक्रार जखमी पोराच्याच नावाने जाऊ दे, कलम 111-अ प्रमाणे त्याला तो हक्क आहे आणि त्याचं नाव तसंही उघडच आहे. तुम्ही मागे राहून कागद तयार करून द्या.

शून्यप्रहर
शिक्षेचं मी सांगतो, ऐकून चिडू नका. कलम 92 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे भोगवटादार (कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो) आणि मॅनेजर या दोघांवर. कंपनी असेल तर भोगवटादार म्हणजे डायरेक्टरच धरला जातो, सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या केसमध्ये हे पक्कं केलंय, त्यामुळे कुठल्यातरी सुपरवायझरला पुढे करून डायरेक्टर सुटत नाही. सुरक्षिततेचा नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दंड किमान 25,000 आणि गंभीर इजा झाली तर किमान 5,000.

गंभीर इजेची व्याख्यापण वाचून ठेवा, बोटाचं एखादं हाड नुसतं मोडलं तर ती गंभीर धरत नाहीत, पण इथे बोटं कायमची गेलीत त्यामुळे त्या पळवाटेचा उपयोग नाही.

रात्रपाळी
पाच हजार??? आमच्या डायच्या एका रिग्राइंडिंगला याच्यापेक्षा जास्त बिल येतं.

शून्यप्रहर
ती किमान रक्कम आहे हो, वर लाखापर्यंत जाते. पण राग बरोबर आहे, आकडे जुने आहेत आणि 1948 चा कायदा हाताळायला मालक लोक सरावलेले आहेत. पहिल्या शिक्षेनंतर दोन वर्षांच्या आत परत तोच गुन्हा झाला तर मात्र कलम 94, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 ते 2 लाख दंड किंवा दोन्ही.

विनाकारण
पण आता नवीन कोड आलाय ना, त्यात दंड लाखात आहेत, मग जुनं कशाला सांगताय?

शून्यप्रहर
कारण अपघात ऑक्टोबरचा आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता 2020 सालीच पास झाली होती पण लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला. गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही, संविधानाचं कलम 20. त्यामुळे या केसला जुनाच कायदा. नवीन संहितेत कर्तव्यात कसूर होऊन गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख दंड किंवा दोन्ही, मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड किंवा दोन्ही. आणि मला त्यातली सगळ्यात बरी वाटलेली गोष्ट म्हणजे दंडातला निदान अर्धा भाग जखमीला किंवा वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं. जुन्या कायद्यात अशी तरतूदच नाही.

नवीनमध्ये तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवायची सोयपण वाढवलीये, त्यामुळे फार हुरळून जायचं कारण नाही.

एक छोटा कारखानदार
सगळे मालकाच्याच मागे लागलात म्हणून दुसरी बाजू. माझ्याकडे चार प्रेस आहेत. गार्ड लावला की ऑपरेटर स्वतः काढतो, सेन्सर लावला की आरसा लावून फसवतो, दहा वेळा ओरडलो तरी पाठ फिरली की तेच. कायद्यात कामगारावरपण जबाबदारी आहे, कलम 111 वाचा. पट्टी त्या पोरानेच मारली नसेल कशावरून?

फिटर काका
मारलीही असेल. पण ती कित्येक महिने तशीच राहिली हे ज्याला रोज दिसत होतं त्याचं काय? कलम 21 म्हणतं मशीनचं धोक्याचं अंग झाकलेलं असलं पाहिजे आणि मशीन चालू असताना ते झाकण जागेवर राहिलंच पाहिजे, एकदा बसवून दिलं म्हणजे झालं असं नाही. आणि 104-अ प्रमाणे "शक्य होतं ते सगळं केलं" हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, कामगाराची नाही. तासाचं टार्गेट दोन्ही हातांनी बटण दाबून पूर्ण होतच नसेल तर पट्टी कुणी मारली हा प्रश्न फार छोटा आहे. मी अडतीस टन ते दीडशे टन सगळ्या प्रेस चालवल्यात, साहेब, टार्गेटचा कागद आणि स्टॉपवॉच घेऊन उभे रहा, लगेच कळेल.

एक छोटा कारखानदार
टार्गेटचा मुद्दा मान्य. पण पार्टी (काम देणारी कंपनी) जो रेट देते त्यात...  असो, तो वेगळा धागा.

मधली सुट्टी
पैशाचं कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते, माझं कामच हे आहे. शिक्षा आणि भरपाई हे दोन वेगळे रस्ते आहेत, एकाच्या बदल्यात दुसरा सोडायला लावतात तिथेच लोक फसतात.

पगार 21,000 च्या आत, म्हणजे तो ईएसआयमध्ये यायला हवा. ठेकेदाराचा असला तरी वर्गणी भरायची जबाबदारी शेवटी मूळ मालकाची. स्लिपवर कपात आहे ना, त्या सगळ्या स्लिप जपा. मग आयपी नंबर (त्याचा ईएसआयचा विमा क्रमांक) मिळवून ई-पहचान कार्डावर नोंदणीची तारीख कोणती आहे ती बघा, पुष्कळ ठिकाणी अपघात झाल्यावर घाईघाईत नाव टाकतात. वर्गणी भरली नसेल तरी लाभ माणसाला मिळतो आणि ईएसआय महामंडळ ते पैसे मालकाकडून वसूल करतं.

आता हिशोब ढोबळ करू. बरा होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के. 14,000 म्हणजे रोज साधारण 467, त्याचे 90 टक्के 420 रुपये. नंतर कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं, एका हाताची दोन बोटं गेली तर ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के आहे. 420 चे 20 टक्के म्हणजे रोज 84 रुपये, महिन्याला अडीच हजार, आणि हे आयुष्यभर, नोकरी दुसरीकडे लागली तरी. ठेकेदाराचे 40 हजार सोळा महिन्यांत निघाले. पोराचं वय 25 आहे, पुढचं त्याचं त्यानेच मोजावं. आणि इथे चूक कुणाची हा प्रश्न येतच नाही, पट्टी त्याने मारलेली असली तरी.

हे सगळं अडतं कुठे, तर केसपेपरवरच्या त्या "घरी" शब्दावर. दवाखान्यात लेखी अर्ज द्या की माहिती जखमीने दिलेली नाही, तो बेशुद्ध किंवा वेदनेत होता, ती सोबतच्या माणसाने दिली, नोंद दुरुस्त करा. दुरुस्त नाही केली तरी अर्जाची पोच घ्या. एक्सरे, बिलं सगळं. बिल कंपनीने किंवा ठेकेदाराने भरलं असेल तर सोन्याहून पिवळं, घरी दारात बोटं सापडलेल्या माणसाचं बिल ठेकेदार का भरेल?

रात्रपाळी
बिल ठेकेदारानेच भरलंय! ऑनलाइन, त्याच्या फर्मच्या खात्यातून. पावती पोराकडे आहे.

पोलिसांचं राहिलं.

शून्यप्रहर
पोलिसात देता येतं. भारतीय न्याय संहितेत मशीनबाबत निष्काळजीपणा कलम 289, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, आणि निष्काळजीपणाने गंभीर दुखापत 125 खाली, तीन वर्षांपर्यंत. पण आधी डिश. कारखाने अधिनियमाची केस इन्स्पेक्टरने किंवा त्याच्या लेखी परवानगीनेच कोर्टात जाते (कलम 105), आणि त्याला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत ती दाखल करावी लागते (106). म्हणजे तुमची तक्रार आवकमध्ये शिक्का मारून घेतली त्या तारखेपासून घड्याळ चालू. तक्रार देऊन गप्प बसू नका, महिन्याभराने स्मरणपत्र द्या, काय कारवाई केली ते माहिती अधिकारात विचारा.

फिटर काका
रात्रपाळी, एक विचारू का? तो पिवळा गार्ड बनवला कुणी?

रात्रपाळी
आमच्याच टूलरूममध्ये. जॉबकार्डपण (त्या कामाचा नोंदीचा कागद) बनलंय, अपघाताच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं, वर "अर्जंट" लिहिलेलं.

फिटर काका
मग झालं की. कागद बाहेर काढू नका, फोटोच्या भानगडीतपण पडू नका, उद्या चोरीचा आळ घेतील. तक्रारीत फक्त एक ओळ टाका की या प्रेसच्या गार्डचं जॉबकार्ड, तासाच्या उत्पादनाचा तक्ता आणि मेंटेनन्स रजिस्टर तपासावं. कलम 9 खाली इन्स्पेक्टर ते मागू शकतो, जप्त करू शकतो, लोकांचे जबाबपण घेऊ शकतो. तक्ता टूलरूमच्या बाहेरचे लोकही बघतात त्यामुळे तो आधी लिहा आणि जॉबकार्ड मध्येच कुठेतरी, म्हणजे रोख तुमच्यावर येणार नाही.

मधली सुट्टी
तक्रारीत पोराचं वय, ठेकेदाराकडे लागल्याची तारीख, त्या दिवशीची शिफ्ट, मशीनचा नंबर आणि सोबत नेणाऱ्या माणसाचा हुद्दा एवढं हवंच. मसुदा इथे टाकायचा तर नावं काढून टाका, मी बघते.

रात्रपाळी
आज संध्याकाळी त्याच्या घरी जातोय. त्याच्या वडिलांना 84 रुपयांचा हिशोब कागदावर मांडून दाखवतो, ते 40 हजाराला हो म्हणून बसलेत. मसुदा रविवारी टाकतो.